आमच्या फ्रिजात बर्फ का होत नव्हता

आमचे बाबा अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात बर्फ पाडायचे. हुद्दा मेंटेनन्स ऑफिसरचा होता आणि बाबा तो पूर्ण उच्चारायचे, पण काम हेच. रंग बनवताना रसायनं तापून चालत नाही, त्यासाठी ढिगांनी बर्फ लागतो, आणि तो करणारी सगळी यंत्रं बाबांच्या ताब्यात होती. कारखान्यात रोज ट्रक भरेल एवढा बर्फ पाडणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात पहिले काही दिवस सोडले तर तीन वर्षं सरबताच्या चार ग्लासांना पुरतील एवढे खडे एका वेळी कधी झाले नाहीत. देवाला विनोद कळत नाही असं म्हणणारी माणसं आमच्या बिल्डिंगमध्ये राहिलेली नसणार.

फ्रिज आला तेव्हा मी नववीत होते. रविवारी सकाळी ज्यांच्याकडे टीव्ही नाही ते लोक टीव्ही असलेल्यांच्या घरी अंघोळ करून, पावडर लावून जाऊन बसायचे, ते दिवस. बारा बिऱ्हाडांच्या बिल्डिंगमध्ये टीव्ही पाच होते, फ्रिज एकही नव्हता. बाबांनी उल्हासनगरच्या एका दुकानातून हिरवट रंगाचा, एका दाराचा फ्रिज घेतला. दुकानदाराने टेम्पोत चढवताना त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ले जाओ साईं, तीन घंटे में पत्थर." हे वाक्य पुढे आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारलं गेलं की मला त्या दुकानदाराची कीव यायला लागली.

फ्रिज हॉलमध्ये ठेवला. स्वयंपाकघरात जागा होती, पण स्वयंपाकघरातला फ्रिज पाहुण्यांना दिसत नाही. आईने त्यावर क्रोशाचं कव्हर घातलं, कव्हरवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर फुलदाणी. मग बिल्डिंग लोटली. तळमजल्यावरून इडलीचं पीठ आलं, आमच्याच पहिल्या मजल्यावरून उद्याच्या लग्नाचे गजरे आले, समोरच्या घरातून दूध. आमचं स्वतःचं त्यात एक लिंबू होतं, आणि तेसुद्धा जागा अडवतं म्हणून आईने दुसऱ्या दिवशी काढलं.

बाबांना या गर्दीचं काही वाटत नव्हतं. त्यांना बर्फ दाखवायचा होता. बिल्डिंगमध्ये त्यांच्याच कारखान्यातले आणखी तिघे राहायचे आणि त्या तिघांसमोर ॲल्युमिनियमच्या ट्रेचा खटका ओढून खडे ग्लासात पाडणं, यासाठीच तो फ्रिज घरात आला होता. गंमत म्हणजे बाबांना बर्फ चालायचाच नाही. त्यांचे दात शिवशिवायचे. सगळ्यांच्या ग्लासात बर्फ घालून ते स्वतः माठातलं पाणी प्यायचे. पण मान ही गोष्ट दातांनी चावायची नसते.

पहिल्या दिवशी त्यांनी आतलं बटण सातवर नेलं, म्हणजे शेवटच्या आकड्यावर, आणि दुकानदाराचा शब्द खरा ठरला. तीन तासांत पत्थर. बाबांनी त्या संध्याकाळी अकरा घरांत बर्फ वाटला.

त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पदराखाली काहीतरी घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. काकूंना नवरा नव्हता, एक मुलगी होती, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मी तिला ताई म्हणायचे. ताईला लहानपणापासून मधुमेह होता आणि रोज दोन वेळा इन्सुलिन टोचून घ्यावं लागायचं, हे त्या दिवसापर्यंत बिल्डिंगमध्ये कोणालाही माहीत नव्हतं. ती इन्सुलिनची बाटली थंड ठेवावी लागते. आजवर काकू माठाभोवतीच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायच्या, पण अंबरनाथच्या मे महिन्यात माठसुद्धा घामाघूम होतो. काकू आईला एवढंच म्हणाल्या, "वहिनी, कोणाला कळता कामा नये. तिचं लग्न व्हायचंय."

आईने बाटली एका फिरकीच्या झाकणाच्या डबीत घातली आणि डबीवर कागद चिकटवला, विरजण. परक्या बाईच्या फ्रिजमधल्या विरजणाला कोणी हात लावत नाही. इथपर्यंत आईची हुशारी निर्दोष होती. पण औषध जितकं गार तितकं चांगलं, असा तिने विचार केला आणि डबी सगळ्यात वर, बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवली. वर बाबांचं बटण सातवर. सकाळपर्यंत बाटली गोठली.

गोठलेलं इन्सुलिन वितळलं की दिसायला जवळपास पहिल्यासारखंच दिसतं, पण त्यातला गुण गेलेला असतो. हे आईला माहीत नव्हतं आणि काकूंनाही नव्हतं. ताईने तीच बाटली तीन दिवस टोचून घेतली. चौथ्या दिवशी ती उलट्या करत जिन्यात बसली आणि पाचव्या दिवशी तिला शुद्ध नव्हती. आठवडाभर ती उल्हासनगरला हॉस्पिटलमध्ये होती. बिल्डिंगला सांगितलं कावीळ. बायका ताबडतोब उसाचा रस घेऊन तिला बघायला निघाल्या. त्यांना अडवताना काकूंचे जे हाल झाले ते बघून मी आजही उसाच्या रसाचं गाडं दिसलं की रस्ता बदलते.

ती परत आली तेव्हा आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि घरी येऊन न्हाणीघरात दार लावून रडली. मग बाहेर आली, फ्रिज उघडला, डबी मधल्या जाळीवर पुढच्या बाजूला आणली आणि बटण सातवरून दोनवर. मला म्हणाली, "बाबांना सांगायचं नाही."

हे शेवटचं सांगायला हवंच होतं. बाबांच्या पोटात काहीही राहत नसे. खालच्या काकांचं मूळव्याधीचं ऑपरेशन त्यांच्या सासुरवाडीच्या आधी कारखान्याच्या वॉचमनला कळलं होतं. वाईट हेतू नसायचा. कॅंटीनमध्ये चहा समोर आला की त्यांना समोरच्याच्या तब्येतीची, आणि समोर नसलेल्याच्या त्याहून जास्त, काळजी वाटायची. ताईची गोष्ट त्यांना सांगणं म्हणजे पहिल्या पाळीच्या भोंग्याबरोबर ती वाजवणं. मग स्थळं आलीच नसती. मुलीचा आजार लपवून लग्न जमवायचं, यात काही चुकतंय असं तेव्हा कोणालाही वाटलं नाही, मलाही नाही. चूक वाटत होती ती फक्त आजाराची.

तर बटण दोनवर आलं आणि आमच्या घरातला बर्फ संपला. ट्रे आज भरला तर परवा जमायचा, तोही वरून पापुद्रा आणि आत पाणी. बाबांनी खटका ओढला की खड्यांऐवजी चिखल पडायचा. पहिल्यांदा त्यांनी बटण पाहिलंच. दोनवर. त्यांनी ते पाचवर केलं आणि आईला म्हणाले, "अगं, हे कोणी फिरवलं?"

"पुसताना फिरलं असेल," आई म्हणाली.

बाबा कामावर गेले की आई दोनवर करायची, घरी आले की ते पाचवर करायचे. असं पुसताना आठवड्यातून किती वेळा फिरणार. मग आईने जे केलं त्याबद्दल तिला खरं तर कारखान्यात नोकरी द्यायला हवी होती. घरात फ्यूज गेला तर मेणबत्ती लावून देवाचं नाव घेणारी बाई. तिने बटण ओढून दांड्यावरून उपसलं. आतलं प्लॅस्टिक तडकलं होतं हे तिला पुसतानाच कळलं होतं, तेवढं मात्र खरं. दांडा दोनवर ठेवला, त्याला आपल्या जुन्या हिरव्या ब्लाउजची चिंधी गुंडाळली आणि बटण असं दाबून बसवलं की तोंडाने ते पाच म्हणेल आणि आतून दोनवर राहील. वरून कितीही फिरवा, ते नुसतंच फिरायचं. मी टॉर्च धरला होता.

यानंतर बाबांनी आमच्या फ्रिजचं जे निदान केलं ते निदानांच्या इतिहासात जायला हवं. बटण पाचवर आहे, म्हणजे दोष दुसरीकडे, हे एकदा ठरलं की माणूस किती लांब जाऊ शकतो ते मी पाहिलं. आधी दाराचं रबर. बाबा दारात वर्तमानपत्राची पट्टी अडकवून ओढायचे, चारही बाजूंनी, आणि प्रत्येक ओढीचा निकाल मोठ्याने जाहीर करायचे. रबर उत्तम निघालं. मग फ्रिजची पाठ. भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागची जाळी दाढीच्या ब्रशने झाडली. तिथे आई पावसाळ्यात माझे मोजे वाळत घालायची, त्यावरून तिला व्याख्यान मिळालं. क्रोशाचं कव्हर जप्त झालं. मग व्होल्टेज. स्टॅबिलायझर आला, तो रात्रंदिवस खटखट करायचा. मग ट्रेच्या बुडाखाली चमचाभर पाणी ओतायचं, म्हणजे ट्रे कप्प्याला घट्ट चिकटतो आणि गारवा लवकर पोचतो. यातलं एकही खोटं नव्हतं, हे मी बाबांच्या बाजूने सांगते. ज्याच्या फ्रिजला आजार आहे त्याने हे सगळं करून बघावं. आमच्या फ्रिजला आजार नव्हता.

मग दार उघडण्यावर निर्बंध आले. गार हवा सांडते, म्हणून फ्रिज दिवसातून तीनदाच उघडायचा, ठरलेल्या वेळी. दाराबाहेर कागद लागला. इडलीचं पीठ, गजरे आणि दूध यांनी सकाळी सात, दुपारी चार आणि रात्री नऊ या वेळांतच ये-जा करायची होती. ताईची बाटली संध्याकाळी बाबा घरी यायच्या आत वर जाऊन यायची, पण सकाळी ती साडेसहाला लागायची. बाबा तेव्हा अंघोळीला जायचे, आणि अंघोळीत ते गायचे, म्हणून आमचं बरं होतं. त्यांचं दुसरं कडवं संपायच्या आत मी डबी वर नेऊन परत आणायचे.

आणि आल्यागेल्याला सल्ले चालूच. आपला फ्रिज आजारी असताना हा माणूस कुळगावात आत्याकडे गेला तरी तिच्या माठाखालची वाळू बदलून यायचा. "वाळू जाड हवी, आक्का. हवा खेळली पाहिजे." थंड करण्याची कुठलीही गोष्ट समोर आली आणि बाबा गप्प बसले असं मी पाहिलं नव्हतं.

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असायची. अशाच एका शुक्रवारी आई भाजी आणायला गेली होती आणि बाबांनी फ्रिज पूर्ण रिकामा करायला घेतला. साचलेलं हिव वितळवायचं, सगळं पुसायचं. मी सतरंजीवर एकेक वस्तू मांडत होते आणि डबी माझ्या मांडीपाशी ठेवली होती. बाबा आतला दिव्याचा भाग पुसत असताना बटण त्यांच्या फडक्याबरोबर बाहेर आलं. दांड्यावर हिरवी चिंधी.

ते चिंधीकडे बघत राहिले. तो ब्लाउज त्यांनीच आणला होता. त्यांचे कान लाल झाले. "तुझ्या आईने," ते म्हणाले, आणि चिंधी दोन बोटांत चोळून पाहिली. इतक्या महिन्यांचं रबर, जाळी, व्होल्टेज त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून जाताना मला दिसत होतं. मी घाबरले. मला वाटलं, आता आई येईल, जोराचं भांडण होईल, आई कारण सांगेल आणि शनिवारी दुपारपर्यंत सगळ्या अंबरनाथला कळेल.

ते रागाने वस्तू परत आत कोंबायला लागले. पातेलं, पिठाचा डबा, मग ती डबी. त्यांच्या हातात ती खळकन वाजली. ते थांबले आणि त्यांनी ती कानाशी धरून पुन्हा हलवली.

"विरजण वाजत नाही," बाबा म्हणाले.

त्यांनी झाकण फिरवलं, बाटली बाहेर काढली, चष्मा कपाळावर नेला. बाबांना कुठल्याही यंत्रावरची, डब्यावरची, पिंपावरची चिठ्ठी शेवटपर्यंत वाचायची सवय होती. त्यांनी ती बारीक अक्षरं पहिल्यापासून वाचली. दोन ते आठ अंश. गोठवू नये. हे शेवटचं त्यांनी दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कोणाचं?"

मी वर छताकडे पाहिलं. तेवढंच. बाबांनीही वर पाहिलं. वर ताईच्या पायांचा आवाज येत होता, ती कपडे वाळत घालत असावी.

"म्हणजे कावीळ नव्हती," ते म्हणाले. आणि बाटली परत डबीत घालत, "मी सातवर ठेवलं होतं."

ते सतरंजीवर बसले. त्यांना असं बसलेलं मी आजी गेली तेव्हा पाहिलं होतं, नंतर एकदम त्या दिवशी. मला आईचा राग आला, की तिने यांना सांगायला हवं होतं, आणि बाबांचाही आला, की यांना सांगता येईल असे हे का नाहीत. मग ते उठले. आईची चिंधी एकाच बाजूला गुंडाळली होती, त्यामुळे दांडा थोडा हलायचा. बाबांनी ती सोडली, धुतली, पिळली, नीट घड्या घालून दोनवरच ठेवलेल्या दांड्याला घट्ट गुंडाळली आणि बटण बसवलं. पाचवर. डबी आधी दाराच्या कप्प्यात ठेवली, मग विचार करून पूर्वीसारखी मधल्या जाळीवर ठेवली, कारण डबी हलली हे आईला कळलं असतं.

"मी उघडली म्हणून आईला बोलू नकोस," ते म्हणाले. अशी एका फ्रिजमागे माझ्याकडे दोन गुपितं झाली, एकमेकांपासून लपवायची.

मला वाटलं होतं आता बाबा बर्फाचं नाव काढणार नाहीत. पण बाबा कसलेले होते. अचानक गप्प झाले असते तर आईला संशय आला असता. त्यांनी निदानं चालूच ठेवली, उलट वाढवली. कारखान्यातून एक थर्मामीटर आणला आणि बर्फाच्या अभ्यासासाठी म्हणून पाण्याच्या ग्लासात घालून डबीच्या शेजारी ठेवला. रोज सकाळी अंघोळीआधी ते तो वाचायचे आणि म्हणायचे, "पाच अंश. छे, याचं काही खरं नाही." आई मागे उभी राहून चेहरा पाडायची. वीज गेली की बाबा कारखान्याच्या गाडीवरून बादलीभर बर्फ आणायचे आणि तो वरच्या कप्प्यात भरायचे, आईला सांगायचे, "कॉम्प्रेसरला आधार." हे वाक्य शास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. आईला मात्र ते पटायचं, कारण तिला ते पटवून घ्यायचं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात कुळगावची आत्या जांभळांची पाटी घेऊन आली आणि तिने सरबतात बर्फ मागितला. बाबांनी खटका ओढला, पाणी पडलं. हॉलमध्ये कारखान्यातले ते तिघे बसले होते. आत्या म्हणाली, "अरे, तू बर्फाच्या कारखान्यात आहेस ना?"

"रंगाच्या," बाबा म्हणाले.

"मग रंगच दे पाण्यात," आत्या म्हणाली, आणि तिघे पोट धरून हसले. आत्या तेवढ्यावर थांबणारी नव्हती. पुढच्याच शुक्रवारी तिने उल्हासनगरच्या कॅम्पातला एक मेकॅनिक पाठवून दिला. मध्यम वयाचा, पांढरा सदरा, हातात पत्र्याची पेटी. त्याच्यामागून ते तिघेही आले, बघायला. बिल्डिंगमध्ये करमणुकीची साधनं कमी होती.

मेकॅनिकने मागे जाऊन कॉम्प्रेसरवर तळहात ठेवला. "ये तो मक्खन है साईं." मग दार उघडलं, आत वाकला आणि सरळ बटणाकडे हात नेला.

"उसको हात मत लगाओ," बाबा म्हणाले.

"पहले बटन देखना पडता है."

"मैंने देखा है. पाच पे है. कॉम्प्रेसर में प्रॉब्लेम है."

"कॉम्प्रेसर में कुछ नहीं है, साहेब. बटन खोलने दो, दो मिनिट का काम है."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात चहाचे कप होते. बाबा फ्रिज आणि मेकॅनिक यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. ते म्हणाले, नळी बारीक झाली असेल. मेकॅनिक म्हणाला, नळी बारीक झाली तर खालचा भाग असा गार राहणार नाही. ते म्हणाले, गॅस कमी असेल. मेकॅनिकने त्यांच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "आप क्या काम करते हो, साईं?"

तिघांपैकी एकाने बाबांच्या वतीने उत्तर दिलं. "कूलिंग का. बीस साल से."

"फिर बर्फ क्यों नहीं बनता?"

हॉल हसण्याने भरून गेला. बाबांना उत्तर माहीत होतं. बटण उपसून ते दहा सेकंदांत दाखवता आलं असतं, आणि तिघांसमोर त्यांची वीस वर्षं परत त्यांच्या खिशात आली असती. मी त्यांच्याकडे बघत होते. ते आधी माझ्याकडे बघून लगेच दुसरीकडे बघायला लागले, मग मेकॅनिकला म्हणाले, "मेरे को नहीं समझता. रहने दो."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही. मेकॅनिक चहा पिऊन गेला. जाताना जिन्यात तो त्या तिघांना काहीतरी म्हणाला आणि पुन्हा हसण्याचा आवाज आला. आई बशा उचलताना मला हळूच म्हणाली, "देवासारखा धावला बघ यांचा हट्ट." तिला खरोखर तसंच वाटत होतं. मला तिला सगळं सांगून टाकावंसं वाटलं, आणि मी वाळत घातलेल्या जांभळाच्या बिया गोळा करत बसले.

शनिवारपासून कारखान्यात बाबांचं नाव बर्फवाले पडलं. कॅंटीनमध्ये कोणीही विचारायचं, "काय साहेब, जमला का?" बाबा म्हणायचे, "परवा जमेल." मूळव्याध, कर्ज, कोणाच्या मुलीने पळून केलेलं लग्न, या सगळ्या बातम्या त्यांनी कॅंटीनला नेल्या. ही एक नेली नाही. मला वाटत राहिलं की एखाद्या दिवशी चहा जास्त गोड झाला की निसटेल. निसटली नाही.

ताईला बघायला स्थळं येऊन गेली. एकाला उंची कमी वाटली, एकाची पत्रिका जुळली नाही. ज्यांना आजार सांगितला नव्हता त्यांनीही नकार दिला, म्हणजे लपवण्याची मेहनत अगदीच फुकट. तिसऱ्या मुलाला ताईने गच्चीवर नेऊन स्वतःच सांगितलं. तो खाली उतरला तो चहालाही थांबला नाही. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. ताई मात्र त्या दिवसापासून बरी झोपायला लागली, असं ती आईला म्हणाली. मग तिला विठ्ठलवाडीला एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली, आणि वर्षभराने तिने पहिली मोठी खरेदी केली ती फ्रिजची. उल्हासनगरहूनच. तीन घंटे में पत्थर.

त्या दुपारी डबी कायमची वर गेली. संध्याकाळी आईने बाबा यायच्या आत चिंधी काढून बटण खरोखरच पाचवर बसवलं. सकाळी ट्रेमध्ये खणखणीत बर्फ होता. बाबांनी तो पाहिला, थर्मामीटर काढून पुसला आणि म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? कॉम्प्रेसर सुटायला वेळ लागतो."

"तुम्हीच करू जाणे," आई म्हणाली. दोघांचेही चेहरे गंभीर होते. मी खिडकीतून बाहेर बघत होते.

शुक्रवारी दुपारी ताई खाली आली, हातात नव्या फ्रिजमधला ट्रे. तिला माहीत नव्हतं की आमच्याकडे आता बर्फ होतो. "काका, हा पहिला तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तीन वर्षं माझ्या, म्हणजे आमच्या विरजणामुळे तुमच्या फ्रिजात जागा अडली."

आईने तिला डोळ्याने दटावलं. ताईने जीभ चावली आणि ट्रे बाबांसमोर टीपॉयवर ठेवला. बाबांनी तो उचलून पाहिला. खडे चांगले जमले होते, काठापर्यंत, पांढरे न पडता. खरं तर त्यांनी एवढ्यावर थांबायला हवं होतं.

"बटण कितीवर ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

"सातवर."

"सातवर नको. दोनवर ठेव. फार तर तीन. आणि बाटली दाराच्या कप्प्यात ठेवायची, वरच्या जाळीवर नाही. वर गोठते. वीज गेली तर दार उघडायचं नाही, मला हाक मार, मी कारखान्यातून बर्फ आणीन."

ताईने आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. बाबांना आपण काय बोललो ते अजून कळलं नव्हतं. ते ट्रे उन्हाकडे धरून खड्यांतले बुडबुडे बघत होते.

"अहो," आई म्हणाली. "तुम्हाला कधीपासून?"

बाबांनी ट्रे खाली ठेवला. मग त्यांना कळलं. ते ताईकडे न बघता आईला म्हणाले, "चिंधी एकाच बाजूने गुंडाळली होतीस. सैल बसली होती."

मला वाटलं आई चिडेल, पण ती पदराने तोंड दाबून हसत होती, आणि हसता हसता तिला रडू आलं. ताई तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर आता तो मेकॅनिक, ते तिघे, जिन्यातलं हसणं येत असावं, कारण ती घटना बिल्डिंगमध्ये सगळ्यांना तोंडपाठ होती. ती म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही..." आणि तिने ट्रे त्यांच्याकडे सरकवला.

बाबांना असल्या प्रसंगात काय करायचं ते येत नसे. त्यांनी ट्रेचा खटका ओढला. खडे मोकळे झाले. ज्या माणसाने दात शिवशिवतात म्हणून जन्मात स्वतःच्या सरबतात बर्फ घातला नव्हता, त्याने ताईच्या ट्रेमधला एक खडा उचलला आणि सबंध तोंडात टाकला. त्यांनी डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं.

"दात," ते म्हणाले, आणि खडा विरघळेपर्यंत तोंडातच ठेवला.